कागदाचा दुमडलेला कोपरा

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मनातल्या मनात हसलोय. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील हिंगोलीकडे जिनिंगवर हमाल, आई आजही अंगठा लावते. अंगात येणं, उतारे टाकणं सगळं लहानपणी पाहिलं आणि डिग्री हातात आल्यावर त्याला रामराम ठोकला. त्याचा मला अभिमान आहे. म्हणूनच हे लिहायला इतके महिने लागले...

मी चंडीगडला राहतो. ऑपरेशनच्या लेझर मशीन दुरुस्त करतो, मुतखडा फोडायच्या. मशीनमधला किरण केसासारख्या बारीक काचेच्या तारेत, म्हणजे फायबरमध्ये, शिरतो आणि तिच्यातून पेशंटच्या पोटातल्या खड्यापर्यंत जातो. किरण फायबरच्या तोंडावर बरोब्बर मध्यावर पडला पाहिजे. जरा सरकला की फायबर तोंडाशीच जळतं, नाहीतर मध्येच फुटतं. मग किरण नको तिथे जातो.

तपासायची पद्धत साधी आहे. फायबर जोडायच्या सॉकेटवर कागदाचा तुकडा लावायचा, एटीएमच्या पावतीचा असतो तसला, उष्णतेने काळा पडणारा. एकदाच फायर करायचं, म्हणजे किरण सोडायचा. डाग मध्यावर आला की लॉक स्क्रू आवळायचा. आणि आवळल्यावर पुन्हा दुसरा कागद लावायचा, कारण आवळतानाच आतलं भिंग सरकू शकतं.

हे मला बलदेवजींनी शिकवलं. आमचे सीनियर, लुधियान्याकडचे सरदारजी. कागद चौकोनी, चारी बाजू सारख्या. काढून बघताना फिरला तर स्क्रू उलट्या दिशेला फिरवला जातो. म्हणून ते वरचा उजवा कोपरा मागे दुमडायचे आणि घडीवरून नख ओढायचे. मी पेनाने बाण काढायचो.

"इंजिनियर साहब बाण मारते हैं," ते हसायचे. "हम आयटीआय वाले कोना मोड़ते हैं."

तीन वर्षांपूर्वी पंचकुल्याला आम्ही दोघं एका मशीनवर होतो. मला सेक्टर १७ ला मित्रांकडे पोचायचं होतं.

"दूसरा कागज लगाया, पुत्तर?"

"हांजी, लगाया."

नव्हता लावला.

ते माझ्या शब्दावर फायबर जोडून वाकले. गॉगलवर वाफ धरली होती म्हणून तो पगडीवर सरकवलेला. फायर करताच फट् करून फायबर फुटलं, एवढंच. डावा डोळा गेला.

रिपोर्टमध्ये त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं की दुसरा कागद लावायचा त्यांच्याकडूनच राहिला. मी त्यांच्या कॉटजवळ रडत होतो तर म्हणाले, "चुप कर. तेरे घर में तू पहला है. मेरा तो टाइम निकल गया." त्यांची नोकरी गेली, माझी राहिली. मी गप्प बसलो. गेल्या हिवाळ्यात झिरकपूरला रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली गाडी त्यांना दिसलीच नाही.

आपल्याकडे तेरावा असतो तसा त्यांच्यात भोग असतो. त्यालाही मी गेलो नाही.

आता मूळ गोष्ट. यंदाच्या मार्चमधली. सेक्टर ३४ कडचं एक खासगी हॉस्पिटल, सकाळचे आठ-सव्वाआठ. दहाची केस होती. पहिला कागद लावला, डाग मध्यावर आणला, स्क्रू आवळला. तेवढ्यात डॉक्टर दारातून ओरडले, "ओ यार, हो गया कि नहीं? टेबल लगाना है!" मी मशीन बंद केली, फायरचा काउंटर वहीत लिहिला, शेवटचे दोन आकडे ६३. वहीत दोन रकाने असतात, पहिला कागद आणि दुसरा कागद. दोन्हींत खूण केली, सही ठोकली. तीन वर्षांत एकदाही चुकलो नव्हतो. त्या दिवशी का, मला आजही सांगता येत नाही.

खाली आईचा फोन आला म्हणून मराठीत बोलत होतो, तर बाकावरच्या एक काकू उठूनच आल्या.

"अगोबाई, मराठी! कुठले हो तुम्ही? आम्ही अकोल्याचे. यांची बदली झाली नि इथे आलो." मी काय करतो कळल्यावर त्यांनी माझा हातच धरला. "मग यांचंच ऑपरेशन आहे की. एकच किडनी आहे हो त्यांना, दुसरी मागेच काढली. मशीन चांगली आहे ना?"

"मम्मी, उनको जाने दो ना," मुलगा म्हणाला.

"काळजी करू नका काकू," मी म्हणालो. "मी स्वतः तपासलीये."

फोन खिशात ठेवताना हाताला मशीनची किल्ली लागली. ती सिस्टरकडे द्यायची असते, मी तशीच घेऊन आलो होतो. पुन्हा वर गेलो.

ओटीच्या दारातच सिमरन सिस्टर. "सर जी, चाबी तो देके जाते! मैं कब से ढूंढ रही हूं." मी विचारलं, आत कोण होतं? "कोई नहीं. पोछा लगवाया, मैं यहीं खड़ी थी."

मशीनच्या सॉकेटवर कागद लावलेला होता.

मी माझा काढून वहीत चिकटवला होता, नक्की. हा दुसरा होता. वरचा उजवा कोपरा मागे दुमडलेला, घडीवर नखाची रेघ. बाण नाही. आणि डाग मध्यावर नाही, खाली डावीकडे.

किल्ली लावून मशीन चालू केली. काउंटर ६४, वहीत मी लिहिलेले ६३.

बाण काढून माझा कागद लावला, फायर केलं. डाग त्याच जागी, खाली डावीकडे. स्क्रू आवळताना भिंग सरकलं होतं. तसंच फायबर जोडलं असतं तर... काकूंचा हात आठवला. सगळं सैल करून पुन्हा लावलं. दुसरा कागद, तिसराही. डॉक्टर ओरडत राहिले. ऑपरेशन नीट झालं.

दुसरी किल्ली आमच्या मोहालीच्या ऑफिसात सीलबंद पाकिटात असते. त्याच दिवशी जाऊन पाहिली, सील शाबूत. किल्लीशिवाय ती मशीन एक ठिणगीही सोडत नाही. रूममेट म्हणतो, तूच लावला असशील, घाईत भान राहिलं नसेल. असेलही. पण मी आयुष्यात कधी कोपरा दुमडला नव्हता.

काही जण म्हणतील, बलदेवजींनी तुला वाचवलं. मला तसं वाटत नाही. मला वाटतं त्यांनी फक्त पुन्हा विचारलं, दूसरा कागज लगाया, पुत्तर? आणि मी पुन्हा "हांजी" लिहून ठेवलं होतं, सहीसकट. ती खूण मी नंतरही खोडली नाही. वहीत आजही सगळं बरोबर दिसतं.

तो कागद माझ्या डिग्रीच्या फाइलमध्ये आहे. असले डाग काही महिन्यांत फिके पडतात, हाही पडत चाललाय. घडी तशीच आहे. याचा खुलासा माझ्याकडे नाही, कुणाकडे असेल तर सांगा.

झिरकपूरला बलदेवजींच्या गल्लीच्या तोंडापर्यंत मी दोनदा जाऊन आलो. भाभीजी दारात मटार सोलत बसलेल्या दिसल्या. त्यांना अजून वाटतं की चूक त्यांच्या नवऱ्याची होती. दोन्ही वेळा मी तिथूनच परत फिरलो.