सगळ्याला 'येस'

"हळू सांगा साहेब, आमी लिहून घेतो," म्हणत चाचा खिशातलं पेन काढायचे, टोपण मागं बसवायचे आणि मगच मान वर करायचे. माझ्याहून तीस वर्षांनी मोठे, तरी मला साहेब म्हणत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. शिकवणारा कितीही लहान असो, त्याच्यापुढे ती विद्यार्थी होऊन बसतात.

चाचा राहायला भोरला, नोकरी वेल्ह्याकडच्या एका शाळेत, कारकुनाची. माझं नसरापूरला संगणकाचं दुकान. शाळेचा पहिला संगणक मीच बसवला. चाचांनी दोन वर्षं खपून जुन्या रजिस्टरांतली सगळी नावं, जन्मतारखा, हजेऱ्या त्यात भरल्या. एखादा म्हातारा दाखल्यासाठी आला की पडद्यावर बोट ठेवून म्हणायचे, "हे बघा तुमी. पाचवी ब. लई गैरहजर!"

पुढे नवं सॉफ्टवेअर आलं. आधी जुनं काढून टाकायला हवं होतं. मला तेवढ्यासाठी वेल्ह्याला जायचा कंटाळा. चाचा एसटी बदलायला नसरापूरला उतरत. तेव्हा दुकानात बोलावून मी त्यांना कागदावर आठ पायऱ्या लिहून दिल्या.

"मधी काय विचारलं तर?"

"काहीही विचारू दे, 'येस' दाबायचं."

"मग तसं लिहा की. तोंडी नको."

मी लिहिलं. भरलेल्या माहितीची आधी दुसरी प्रत काढून ठेवा, हे मात्र लिहिलंच नाही. शाळेची एवढी माहिती, आणि माझं लक्ष दुकानातल्या गिऱ्हाइकाकडे.

शेवटी त्या सॉफ्टवेअरनं इंग्रजीत विचारलं, माहितीही पुसून टाकायची का? चाचांनी कागद बघून 'येस' दाबलं.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. मुख्याध्यापक चाचांच्या देखत म्हणाले, "या वयाच्या माणसाच्या हाती हे द्यायलाच नको होतं." माझा कागद टेबलावर होता. चाचांनी तो उचलला, घडी घालून खिशात ठेवला.

"माझंच बोट चुकलं," ते म्हणाले.

मी खाली वाकून वायरी तपासत राहिलो. एक वाक्य पुरलं असतं.

संगणकावर एका नव्या शिक्षकाला बसवलं. चाचा पुन्हा आवक-जावकच्या वहीवर गेले. स्टँडवर दिसले की बाकावर सरकून मला जागा करून द्यायचे. मी घाईत असल्याचं सांगून निघून जायचो. असं निवृत्तीपर्यंत चाललं.

ते गेल्याचं कळल्यावर भोरला त्यांच्या घरी गेलो. चाचींना सगळं सांगितलं.

"हे त्यांना सांगायचं होतंस, बाळा. घरात आमी पण त्यांनाच हसायचो. पोरांनी मोबाईल आणून दिला, तर हात लावंनात. म्हणायचे, माझ्याकडनं बिघडंल."

मोबाईल कोनाड्यात होता. पडद्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.