यशोदाबाईंचा कॅमेरा आणि डोहातली पाणमांजरं

यशोदाबाई धोटे हिंगणीच्या मुलींच्या शाळेत चौथीला शिकवायच्या. मी दुसरीचा वर्ग घ्यायचे. आमच्या दोघींच्या खोल्या एकाच ओसरीवर होत्या, म्हणून पुढची हकीकत मला ठाऊक आहे.

लग्नानंतर दोन वर्षांतच त्यांचा नवरा विषमज्वराने गेला. सासरच्यांनी माहेरी पाठवलं, माहेरच्यांनी शिकवलं, आणि त्या नोकरीला लागल्या. बोलणं मोजकं. रविवारी मात्र सकाळीच निघायच्या आणि दोन मैलांवर जंगलातून येणाऱ्या नाल्याकडे जायच्या. गावातल्या बायका काय काय बोलायच्या. एकदा मला सोबत घेऊन गेल्या तेव्हा कळलं.

नाल्याच्या वळणावर काळ्या खडकांमध्ये खोल डोह होता. आम्ही जांभळाच्या मुळांआड बसलो. बऱ्याच वेळाने पाण्यातून शीळ आल्यासारखा आवाज आला आणि एकामागून एक पाच डोकी वर आली. पाणमांजरं. वाळूवर चढून लोळली, एकमेकांच्या अंगावर पडली, एकाने मासा दोन्ही पंज्यांत धरून कणसासारखा खाल्ला. यशोदाबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला.

“चार वर्षं झाली पाहते आहे,” परत येताना त्या म्हणाल्या. “आधी दोनच होती.”

१९५५ च्या पावसाळ्यानंतर एका ठेकेदाराने त्या खडकांवर चुन्याच्या खुणा केल्या. रस्त्याच्या कामाला तिथला दगड फोडायचा होता. यशोदाबाईंनी जंगलखात्याकडे अर्ज केला. उत्तर आलं नाही. मग दौऱ्यावर आलेले त्या खात्याचे एक साहेब डाकबंगल्यात उतरलेत असं कळल्यावर त्या स्वतः गेल्या. मीही होते.

“बाई, त्या नाल्यात पाणमांजर असल्याची आमच्याकडे नोंद नाही,” साहेब म्हणाले.

“मी पाहते ना दर आठवड्याला.”

“तुम्ही पाहता हो. मी कागदाला काय जोडू? एखादा फोटो असता तर वर पाठवला असता.”

माणूस वाईट नव्हता. सहज बोलून गेला. यशोदाबाईंनी ते धरून ठेवलं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मोटारीने वर्ध्याला गेलो. ताराचंद नावाच्या फोटोवाल्याचं दुकान होतं, तो जुने कॅमेरेही विकायचा.

“फॅमिलीचे फोटो काढायचे का बाई?”

“पाणमांजरांचे.”

तो हसला नाही. त्याने दोन कॅमेरे काउंटरवर मांडले. एक काळी पेटी. “हा सस्ता. बटन दाबलं की झालं. पण ऊन पाहिजे, अन् समोरचा हलला नाई पाहिजे.” दुसरा भात्याचा, उघडला की पुढे सरकणारा, कोणीतरी वापरून विकलेला. “याचं बटन झपकन चालते. हलणारी चीजबी धरते. पण समोरचा किती फुटावर हाय, ते नेमकं लावा लागते. चुकलं की सारं धुकं.”

“आणि तो?” कपाटात लांब नळीचा एक होता.

“त्याची किंमत नका पुसू. पण पाहून घ्या.” त्याने तो काढून त्यांच्या हातात दिला. यशोदाबाईंनी तो रस्त्याकडे रोखला. पलीकडे टांगा उभा होता. “इंदिरा,” त्या म्हणाल्या, “घोड्याच्या पापण्या दिसतात गं.” मग त्यांनी तो डोळ्यावरून काढला आणि जपून काउंटरवर ठेवला.

पेटीचा कॅमेरा परवडत होता, पण पाणमांजर काही फोटोसाठी थांबणार नव्हतं. त्यांनी भात्याचा घेतला. महिन्याचा पगार त्यात गेला. तो महिना आम्ही दोघी माझ्या पगारावर जेवलो.

“लांबची नळी नाही, तर आपणच जवळ जायचं,” मोटारीत त्या म्हणाल्या.

त्यांनी नाड्याला फुटाफुटावर गाठी मारल्या. अंगणात मला पाणमांजर करून बसवायच्या, नुसत्या नजरेने अंतर सांगायच्या आणि मग नाड्याने मोजायच्या. महिनाभरात त्यांचा अंदाज अर्ध्या फुटानेही चुकेना. पण डोहाची गोष्ट वेगळी होती. पाणमांजरं बाहेर यायची ती पहाटे, नाहीतर दिवस मावळताना. तेव्हा उजेड नसायचा. ऊन चढलं की ती कपारीत जाऊन झोपायची. पहिल्या रोलातले आठही फोटो ताराचंदने धुऊन काउंटरवर मांडले. पाणी, खडक, एका कोपऱ्यात काळा फराटा.

चिंधू ढीवर त्या नाल्यात जाळं टाकायचा. पाणमांजरं त्याचं जाळं फाडायची, तरी त्यानेच मदत केली.

“बाई, तुमी इकडे काऊन बसता? वारा तुमच्याकून जाऊन राह्यला, त्यायले वास येते. तिकडच्या खडकावर पाहा, माशायच्या खवल्याची घाण पडली हाय. थंडीत ते तिथंच ऊन खाले येतात.”

पौषातल्या एका सकाळी नऊच्या सुमाराला खरंच एक पाणमांजर त्या खडकावर मागच्या पायांवर उभं राहिलं. मधे पाणी होतं, पंचेचाळीस फुटांच्या आत जाता येत नव्हतं. यशोदाबाईंनी बटण दाबलं.

फोटो आला. खडक स्पष्ट, पाणी स्पष्ट, आणि खडकावर गव्हाच्या दाण्याएवढं काहीतरी उभं. यशोदाबाई तो घेऊन पुन्हा साहेबांकडे गेल्या. त्यांनी भिंग लावून पाहिलं.

“मुंगूसही असेल, बाई. जवळून काढा एखादा.”

त्या रागावल्या नाहीत. जवळून काढायचा म्हणून कामाला लागल्या. चिंधूने त्यांना खाली उथळातून पलीकडच्या काठावर नेलं आणि तिथे खडकापासून पंधरा फुटांवर, पाण्याच्या कडेला, झाऊच्या फांद्यांचा आडोसा करून दिला. पाणमांजरांना सवय व्हावी म्हणून त्या महिनाभर कॅमेरा न नेता तिथे बसल्या. एक पिल्लू जवळ येऊन त्यांच्या पायांकडे पाहून गेलं, असं त्यांनी मला सांगितलं. “पुढच्या रविवारी नेते कॅमेरा,” म्हणाल्या.

त्या गुरुवारी चिंधू शाळेत आला. हातात ओलं पोतं होतं.

दगड फोडायला आलेल्या ठेकेदाराच्या माणसांनी मासे मारायला डोहात सुरुंग टाकला होता. मासे पोत्यांनी निघाले. पाणमांजरं तीन तरंगली, दोन दिसलीच नाहीत.

चिंधूने पोतं ओसरीवर उघडलं. पिल्लू नव्हतं, मोठी मादी होती. अंगावर एक जखम नाही. नुसत्या नाकातून रक्ताची बारीक धार.

“फोटो काढून घ्या बाई,” चिंधू म्हणाला. “आता हालत नाई ते.”

तो टोचून बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की याचा काही उपयोग होईल. यशोदाबाई आत गेल्या, कॅमेरा घेऊन आल्या. नाडा मोजायला मीच धरला. पाच फूट. ऊन भरपूर होतं.

त्यांच्या हातून निघालेला तेवढाच एक चांगला फोटो. मिशीचा केस न् केस दिसत होता. त्यांनी तो अर्जासोबत पाठवला, गव्हाच्या दाण्याचाही जोडला. अडीच महिन्यांनी वरून पत्र आलं. मी ते दोनदा वाचलं. सोबतच्या छायाचित्रावरून सदर प्राणी मृत असल्याचे दिसते, त्या ठिकाणी त्याचे अस्तित्व आता आढळत नसल्याने पुढील कार्यवाहीची आवश्यकता उरत नाही.

यशोदाबाईंनी पत्राची घडी घातली आणि वर्गात गेल्या. त्या दिवशी अपूर्णांक शिकवत होत्या.

खडक उन्हाळ्यात फुटले. चिंधू जाळं घेऊन दुसऱ्या नाल्याकडे जाऊ लागला. कॅमेरा त्यांनी ताराचंदला परत केला. त्याने रोल आणि धुलाईचे पैसे धरून बरंच कापलं. १९५८ मध्ये त्यांची बदली नाचणगावला झाली. एकदा मी भेटायला गेले. केस पांढरे झाले होते, हाताला खडू लागलेला होता. चहा पिताना मी विचारलं, “इथून नदी जवळ आहे म्हणतात. रविवारी जाता का?”

“असेल,” त्या म्हणाल्या. “रविवारी मी कपडे धुते.”