साफ कापूस

गादीवाल्याकडे कापसाचा वास आला की मला आमचं तेल्हाऱ्याचं अंगण आठवतं. लकव्यानं आईचा उजवा हात लुळा पडला होता. अकोल्याच्या फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "रोज त्याच हातानं बोंडातला कापूस काढायला लावा." जन्मभर कापूस वेचलेली आई घामाघूम व्हायची, तेव्हा कुठे टोपलीत मूठभर पडायचा. तिला हुरूप यावा म्हणून एकदा मी काढलेला ओंजळभर कापूस गुपचूप त्यात मिसळला.

आईनं तो चिवडून पाहिला. "आता माह्या कापसात वाळली पत्ती येते. हा साफ हाये. कावून फसवून राहिली वं मले?"

त्यानंतर तिनं बोंडाला हात लावला नाही. बोटं आखडत गेली. शेवटची आंघोळ घालताना मला तिची मूठ उघडता आली नाही.