टिंबाची रेघ

अख्ख्या भांडुपात गाडीचा ब्रेक ओरडला की भरल्या ताटावरून उठून धावणारा माणूस एकच, आमचे थोरले भाऊजी, माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. गाड्यांच्या कंपनीत आहेत, तिथे ब्रेकवर लेझरचा उजेड मारून तो किती थरथरतो ते बघतात, मला कळलं तेवढं सांगते. हात म्हणून लावायचा नाही. "हात लावला की थरथर बदलते गं, उजेडाला वजन नसतं," म्हणतात. घरी पण तेच, मिक्सरवर लाल उजेड, कुकरवर लाल उजेड, एकदा तर माझी लेक आरू भोकाड पसरून रडत होती, तिला उचलायचं सोडून तिच्या पोटावर ठिपका धरून बसले! नणंदेच्या हळदीत बस करकरली, तर तोंडाला हळद तशीच आणि हे बसच्या मागे.

यंदा आरूची शाळा सुरू झाली आणि माझी वाट लागली. आम्ही टेकडीवर, शाळा खाली, आणि शाळेची व्हॅन उताराच्या वळणावर अशी किंचाळायची की वर आमच्या गेटपर्यंत ऐकू यायचं, मला वाटायचं ब्रेकच गेला. मी सांगून टाकलं, पोरगी ह्या गाडीत बसणार नाही, शाळा राहिली तर राहू दे. नवरा भडकला. व्हॅनवाला म्हणाला, "ओ ताई, सगळ्याच गाड्या ओरडतात, ब्रेक लागतो ना?" भाऊजी म्हणाले, "थांब. आधी बघू, मग घाबर."

रविवारी बिल्डिंगखाली व्हॅनचं मागचं चाक काढून ठेवलेलं. माझ्या गरब्याच्या घागऱ्याचा आरसा भाऊजींनी न विचारता उसवलेला, तो ब्रेकच्या पत्र्यावर चिकटवला, त्यावर लेझर, आणि समोर भिंतीवर लाल टिंब. गाडी चालू करून व्हॅनवाल्यानं ब्रेक दाबला, ती किंचाळली आणि टिंबाची रेघ झाली, अशी लांब! "बघ, हा पत्रा ओरडतोय!" आत उघडलं तर ब्रेक चांगला जाड, झिजलेला नाही, नुसती त्याला धरणारी स्प्रिंग ढिली. नवी टाकली. परत रेघ. व्हॅनवाला वैतागला, "काका, सोडा ना यार." "पोरगी आमची आहे. दुसरी स्प्रिंग पण बदल." बदलली, दाबला, आणि टिंब जागचं हललं नाही.

"उद्या मी बसतो हिच्यासोबत," भाऊजी म्हणाले. खरंच बसले, दप्तरांच्या मध्ये, गुडघे हनुवटीला. आरूनं मागे वळून पण बघितलं नाही. मी गेट धरून उभी. व्हॅन वळणावरून खाली गेली आणि काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. एवढी घाबरायचे मी त्या किंचाळीला, आणि तेव्हा वाटलं, थोडी तरी यायला हवी होती, पोरगी कुठवर पोचली ते तरी कळलं असतं.