ड्रागान म्हणे युद्धात स्वैपाकी होता

लाँड्रीत मळक्या चादरी येतात आणि किस्सेही येतात. चादरी धुऊन परत जातात. किस्से जात नाहीत, ढीग लागतो त्यांचा. ड्युसेलडॉर्फच्या मराठी मंडळातली आयटीची पोरं मला बघितलं की मागे लागतात, "काका, लाँड्रीतलं सांगा ना काहीतरी!" सांगतो. पण मध्येच मोबाईल काढून मला शिकवायचं नाही. मी चौथीतून शाळा सोडलेला, जहाजावरच्या लाँड्रीत कपडे धूत धूत जर्मनीला लागलेला माणूस. मला जेवढं दिसलं तेवढंच सांगणार.

आमची लाँड्री हॉटेलांची. माणसं बरीच, पण हा मामला चौघांचा. एक मी. मला सगळे ओपा म्हणायचे, म्हणजे आजोबा. दुसरी सुपरवायझर फ्राऊ शुल्ट, म्हणजे शुल्टबाई, अस्सल जर्मन. तिसरी हातिजा, बोस्नियाची मुसलमान बाई. चौथा ड्रागान, तोही तिकडचाच, पण सर्ब. दोघांची गावं एकाच नदीच्या दोन काठांवर.

तिकडे सर्ब आणि मुसलमानांचं युद्ध झालं तेव्हा शेजाऱ्यांनी शेजारी मारले. हातिजाचा धाकटा भाऊ हारिस. त्याला सर्ब सैनिकांनी घरातून उचलून नेलं. तो मेला हे तिला ठाऊक होतं. कुठे पुरलाय ते ठाऊक नव्हतं. तिकडचा कुणीही भेटला की ती एकच विचारायची, "माझा भाऊ कुठे आहे?"

ड्रागानलाही पहिल्याच दिवशी विचारलं. तो खाली बघून म्हणाला, "मी सैन्यात स्वैपाकी होतो. मी काही बघितलं नाही."

झालं! दोघांचं बोलणं बंद.

*

डबल बेडची चादर एकट्याने घडी होत नाही. दोघं लागतात. फ्राऊ शुल्टने जोडी कुणाची लावावी? ह्याच दोघांची! का, तर उंची सारखी.

टोकं धरायची, झटकायची, पुढे यायचं, आपली टोकं समोरच्याच्या हातात द्यायची, मागे जायचं. दिवसभर. तोंडातून शब्द नाही. बाकीच्या जोड्या आपापल्या सासवांची गाऱ्हाणी सांगत घड्या घालायच्या, ह्यांचा ढीग सगळ्यांत उंच.

फ्राऊ शुल्ट खूश. "बघा ओपा, काय जोडी आहे!"

मी म्हटलं, "बाई, मग प्रत्येक टेबलावर एकेक युद्ध लावून द्या की!"

*

मालकाच्या कानावर गेलं. त्याने समेट घडवायला एक ट्रेनर बाई आणली. पायात लोकरीचे मोजे, आवाज असा की झोप यावी. आम्हाला गोल बसवलं. म्हणाली, "आता सगळ्यांनी डोळे मिटा, आणि शेजाऱ्याचा हात हातात घ्या."

मी मिटले. फुकटचा आराम कोण सोडतो!

हातिजाने मिटले नाहीत. ट्रेनर बाई गोड आवाजात म्हणाली, "भीती वाटते का?"

"भीती कसली? हात कुणाचा आहे ते बघूनच धरीन म्हणते."

वर्कशॉप जेवणाच्या सुट्टीआधीच संपलं.

*

त्याच सुमाराला जर्मनीत हिटलरच्या वेळच्या छळछावण्यांतल्या म्हाताऱ्यांवर खटले चालायचे. नव्वदी पार केलेली माणसं, व्हीलचेअरवरून कोर्टात. आमच्या कँटीनच्या टीव्हीवर असाच एक दाखवला. वकील म्हणत होता, माझा अशील फक्त स्वैपाकघरात कामाला होता.

फ्राऊ शुल्ट हळहळली. "एवढ्या म्हाताऱ्याला आता कशाला ओढायचं?"

मी म्हटलं, "मी म्हातारा आहे, मला नाही तुम्ही सकाळी सहाला ओढत?"

हातिजा टीव्हीकडेच बघत होती. म्हणाली, "ज्याला विचारावं तो स्वैपाकी! एवढे स्वैपाकी होते, तर माणसं उपाशी कशी मेली?"

ड्रागान डबा बंद करून उठला.

*

ख्रिसमसच्या आधी आमच्याकडे जेवण असतं. ज्याने त्याने आपल्या देशाचं काहीतरी करायचं. मी मटणाचा रस्सा केला होता, जर्मन लोक डोळ्यांतून पाणी काढत खात होते. फ्राऊ शुल्टला काय सुचलं कोण जाणे. म्हणाली, "ड्रागान, तुम्ही तर सैन्यातले स्वैपाकी! तुमच्याकडचा तो राजमा तुम्ही करा, सगळ्यांना पुरेल असा."

नाही कसं म्हणणार? सकाळी आला, पिशवी फोडली आणि कोरडा राजमा थेट उकळत्या पाण्यात! भिजवला नाही, काही नाही. मी बघतच राहिलो. अरे, माझ्या नातवालाही कळतं की राजमा रात्रभर भिजवायचा असतो, आणि तो पोरगा जर्मनमध्येच बोलतो!

दुपारी ताटात गोट्या. एक जर्मन म्हणाला, "इंटरेसांट." हे लोक इंटरेसांट म्हणाले की समजायचं, गिळत नाहीये.

हातिजाने एक दाणा चावला. तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवला. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"ड्रागान, तू स्वैपाकी नव्हतास."

हसायला तोंड उघडलेले सगळे तसेच थांबले. ड्रागान उठला. पातेलं उचललं, सिंकपाशी गेला आणि कितीतरी वेळ घासत राहिला.

*

नवीन वर्ष लागलं तसा तो आपणहून पोलिसांकडे गेला. कुणी बोलावलं नव्हतं. नंतर बाहेर सिगरेट ओढताना मला सांगितलं. सैन्यात तो माती उकरायचं मशीन चालवायचा. मिशीही नीट फुटली नव्हती तेव्हा. मुडदे पुरायला कुठे खणलं, कोणी खणायला लावलं, त्यांची नावं, सगळं लिहून दिलं. तिकडच्या कोर्टाने कळवलं, जागा येऊन दाखव.

गावाकडच्यांनी त्याचे फोन घेणं सोडलं. सख्ख्या आईनेसुद्धा.

मी म्हटलं, "वकिलाला विचारलंस का रे?"

"विचारलं. तो म्हणाला, तूही अडकशील, गप्प बस."

"मग?"

"मी म्हटलं, आत्तापर्यंत तेच करत आलोय."

*

हे हातिजालाही कळलं. ती जागा खणताना आपण तिथे असणार म्हणून ती सुट्टी मागायला गेली. मी तिथेच टॉवेल मोजत होतो. जवळचं माणूस गेलं की जादा सुट्टी मिळते, नियम आहे. फ्राऊ शुल्ट नियमाने चालणारी बाई.

"भाऊ कधी वारला?"

"वीस वर्षं होऊन गेली."

"मग सुट्टी आत्ता कशी देणार?"

हातिजा शांतपणे म्हणाली, "तेव्हा मागायची राहून गेली."

फ्राऊ शुल्टने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एक आठवडा पुरेल?" एवढंच विचारलं.

*

ड्रागान आपल्या जुन्या गाडीने निघणार होता. आदल्या दिवशी हातिजा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मी तुझ्या गाडीत येणार."

तो गडबडला. "बस जाते की थेट. आरामात जाशील."

"तू वाटेतून पळू नयेस म्हणून येणार!"

गेले दोघं. आठवड्याने परत आले. हारिस सापडला. तपासण्या मागाहून झाल्या, पण हातिजाला तिथेच ओळख पटली होती. कशावरून, ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

सोमवारी ती कामावर आली. मी चहा दिला. म्हटलं, "एवढा लांबचा प्रवास. गाडीत झोप तरी झाली का गं?"

"जाताना नाही, ओपा. सगळी वाट त्याच्यावर नजर ठेवून बसले होते."

"आणि येताना?"

तिने चहाचा घोट घेतला.

"येताना झोपले. म्युनिक आलं तेव्हा त्याने उठवलं, कॉफी प्यायला."