घटाखालचा बोगदा

आमच्या घरात शिरण्याआधी ती दाराशेजारच्या भिंतीवर तळहात ठेवायची, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग म्हणायची, "भिंत बरी हाय. तुमी बरं हायसा न्हवं?"

बेंगळुरूत आमच्या गल्लीखालून मेट्रोचा बोगदा जाणार होता. रहिवाशांशी बोलायला कंत्राटदाराने नेमलेली ही बाई निपाणीकडची. तिकडच्या बायकांप्रमाणे स्वतःबद्दलही "येतो, जातो" म्हणणारी. पिवळं हेल्मेट घालून दारोदार फिरणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांच्याकडे फक्त तक्रारीपुरतं बघतो. गल्ली तिला अक्का म्हणे आणि धुळीचा सगळा राग तिच्यावरच काढे. ती कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत ऐकून घेई. पुण्याहून आलेला मी तर तिच्याशी इंग्रजीत भांडायचो. तेही तिने गोड मानून घेतलं.

बोगदा खणणारं यंत्र आमच्या घराखाली आलं ते नेमकं नवरात्रात. थोडे दिवस हॉटेलात राहा, असा निरोप आला आणि बाबा हटून बसले. आई गेल्यापासून घट तेच बसवत. बसलेला घट हलवत नाहीत, अखंड दिवा विझू देत नाहीत. "भिंत पडली तर माझ्यावर पडू दे," म्हणाले. मी विनवण्या करून थकलो.

अक्का त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "काका, भेगा बघायला मी सारखा आत येतोच की. दिव्याचं माझ्यावर सोडा."

बाबा उठून पिशवी भरू लागले. हॉटेलात मात्र त्यांना घास जाईना. तिचा फोन येई, "तेल घातलंय काका. जेवा आता." मग जेवत.

नवमीला परतलो. भिंतीला केसाएवढी चीर, घटात वीतभर कोंब, आणि दिवा तेवत होता. बाबांच्या डोळ्यांना धार लागली.

त्याच दुपारी त्यांनी तिला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं. पाट पाहून ती उंबऱ्यातच थबकली. "मला न्हाई चालत काका. माझा मालक वारला, लई वर्सं झाली."

बाबा जुन्या वळणाचे.

"देवीनं तुझ्या हातचं तेल घेतलं," बाबा म्हणाले. "मी कोण विचारणारा? ये, बस."

ती बसली. बाबांनी स्वतः वाढलं.

पुढे तिची बदली देवनहळ्ळीकडच्या कामावर झाली, नंबरही बदलला. तिचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच. यंदा घट बसवून बाबांनी हात जोडले, माझं, सुनेचं, नातीचं नाव घेतलं. मग म्हणाले, "आणि देवनहळ्ळीकडे माझी एक लेक आहे, तिलाही सुखी ठेव."