दुप्पटचे चार महिने

ऑफिसात त्याला सगळे दुप्पट म्हणत. अमुक सॉफ्टवेअर लिहायला किती वेळ लागेल असं विचारलं की तो आधी छताकडे बघे आणि मनात येईल त्याच्या दुप्पट सांगे. साहेब ते निम्मं करत, आणि काम बरोबर तेवढ्यात होई. घरीही तेच. तासाभरात येतो म्हणाला की बायको अर्ध्या तासानेच दाराची कडी काढून ठेवी.

बैठकीची रीत ठरलेली होती. प्रत्येकाने कामाच्या मुदतीचा आपला आकडा कोऱ्या पत्त्यावर लिहून तो पालथा ठेवायचा आणि साहेबांनी मान हलवली की सगळ्यांनी एकदम उलटायचा. पत्ते उलटले की माना त्याच्याकडे वळत. वर्षानुवर्षं वळत आल्या होत्या.

मग शेजारच्या टेबलावर एक नवी मुलगी आली. ती मनात येईल तेवढंच लिही, आणि ते खरं ठरे. माना तिच्याकडे वळू लागल्या. आपण ते मनाला लावून घेत नाही, असं तो बायकोला सांगे; सांगता सांगता चहा गार होई. त्या मुलीची निळी बाटली, तिचं हलकं हसणं, तिचं ते अदबीचं ‘सर’, काहीच त्याच्या घशाखाली उतरत नसे.

एका इस्पितळाचं जुनं सॉफ्टवेअर नव्याने लिहायचं होतं. त्याच्या मनात आठ महिने आले. तीही आठच लिहिणार हे त्याला ठाऊक होतं. नेहमीसारखे सोळा लिहावेत, तर साहेब निम्मे करणार आणि तिचीच पाठ थोपटणार. त्याने चार लिहिले.

पत्ते उलटले. माना त्याच्याकडे वळल्या.

“दुप्पट चार म्हणतोय,” साहेब खुशीत म्हणाले, “म्हणजे दोनच की.”

मुलगी गोंधळली. “सर, तुमच्या मागच्या कामावरूनच मी आठ काढले होते. माझं काही चुकलं का?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. अजूनही आठ म्हणता आलं असतं. पण माना अजूनही त्याच्याकडेच होत्या.

“दोन पुरेत,” तो म्हणाला. काम अर्थातच त्याच्या गळ्यात पडलं.

संध्याकाळी बूट काढता काढता त्याने बायकोला सांगितलं की आता दोन महिने रोज उशीर होईल.

“म्हणजे एकच ना?”

“आठ.”

ती हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत राहिली. “मग तिथे का नाही सांगितलंत?”

“तिथे ते तिने आधीच सांगितलं होतं.”